रिपोर्टातल्या दोन ओळी

ऑक्टोबर हा स्तनकर्करोगाच्या जागृतीचा महिना. गुलाबी रिबिनी, सकाळच्या फेऱ्या, महिला मंडळांतली व्याख्याने आणि ‘गाठ लागली तर अंगावर काढू नका’ हा निरोप, हे सारे त्या महिन्यात होते आणि ते व्हायलाच हवे. पाठोपाठ ७ नोव्हेंबर येतो. मारी क्युरी यांचा हा जन्मदिवस २०१४ पासून आपल्याकडे राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन म्हणून पाळला जातो. दुसऱ्याच दिवशी, ८ नोव्हेंबरला, डॉ. कमल रणदिवे यांची जयंती असते. तिची आठवण मात्र महाराष्ट्रातही मोजक्याच ठिकाणी काढली जाते. स्तनाचा कर्करोग आणि शरीरातली संप्रेरके यांचे नाते शोधायला भारतात ज्यांनी सर्वांत आधी हात घातला, त्यांत रणदिवे होत्या. गाठ शोधा, हे आपण बायकांना सांगतो. ती गाठ कशावर पोसते, हे सांगायचे राहून जाते. वसई-विरारसारख्या शहरात, जिथून रोज कितीतरी बायका तपासणीच्या फायली घेऊन परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात, तिथे तरी ही राहिलेली गोष्ट सांगितली पाहिजे.

रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागा, मग फर्ग्युसन, मग लग्नानंतर मुंबई असा त्यांचा प्रवास. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले होते आणि तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे मोठे नाव होते. त्यांच्या हाताखाली रणदिवे यांनी काम केले आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय होता उंदरांमधला स्तनकर्करोग. पुढे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र शिकल्या. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या हेला या कर्कपेशी ज्यांच्याकडे पहिल्यांदा वाढल्या, ते हेच गाय. परत येऊन रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

उंदरांवरचे काम म्हटले की आपल्याला ते दूरचे वाटते. पण त्या काळात स्तनकर्करोगाचे कोडे उंदरांनीच उलगडायला घेतले होते. १९३२ साली पॅरिसमध्ये आंत्वान लाकासान्य यांनी नर उंदरांना बीजकोशातल्या संप्रेरकाची इंजेक्शने दिली आणि त्या नरांना स्तनाचा कर्करोग झाला. ज्या प्राण्याला तो सहसा होत नाही, त्याला केवळ एका रसायनाने झाला. चार वर्षांनी अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवले, की काही वाणांमध्ये हा रोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो. पुढे तो विषाणू निघाला. म्हणजे आनुवंशिकता, बाळंतपणे, संप्रेरके, विषाणू अशी चार सूत्रे एकमेकांत गुंतलेली. रणदिवे यांनी ही गुंतवळ तोडून एकच दोरा हाती धरला नाही. ही सगळी सूत्रे एकमेकांवर कशी काम करतात, हे पाहिले. माणसाच्या स्तनकर्करोगात उंदरांसारखा विषाणू सिद्ध झालेला नाही. संप्रेरकांचे सूत्र मात्र पक्के ठरले.

ते सूत्र कळायला आधी निरोगी स्तन कसा वाढतो हे पाहावे लागते. शरीरातले बहुतेक अवयव जन्मतःच आकाराने लहान पण रचनेने पुरे असतात. स्तन तसा नाही. जन्माच्या वेळी तिथे थोड्याशा नळ्या असतात, बस. वयात येताना बीजकोशातून इस्ट्रोजेन पाझरू लागते आणि त्या नळ्या लांबतात, फाटे फुटतात. मग दर महिन्याच्या पाळीबरोबर आत हालचाल होते. पाळीच्या पहिल्या अर्ध्यात इस्ट्रोजेन चढते, पण स्तनातल्या पेशी सर्वाधिक विभागतात त्या बीज सुटल्यानंतरच्या अर्ध्यात, जेव्हा प्रोजेस्टेरॉन जोरात असते. पाळीआधी छाती जड होते, दुखते, तेव्हा आत हेच चाललेले असते. गर्भ राहिला नाही तर त्यांतल्या काही पेशी मरून जातात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सुरुवात. गर्भ राहिला तर नळ्यांच्या टोकांना दूध करणारे घोस भरून येतात. बाळाने दूध सोडल्यावर त्यातला मोठा भाग विरून जातो. आयुष्यभर इतक्या वेळा वाढणारा आणि ओसरणारा दुसरा अवयव बाईच्या शरीरात गर्भाशय सोडला तर नाही.

आता या वाढीतली एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. स्तनाची गाठ तपासायला पाठवतात तेव्हा तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहूनही पातळ काप काढतात आणि काचेवर ठेवून त्यावर एक विशिष्ट रंगप्रक्रिया करतात. ज्या पेशीच्या केंद्रकात इस्ट्रोजेन ओळखणारे प्रथिन, म्हणजे रिसेप्टर आहे, ते केंद्रक तपकिरी होते. बाकीची निळसर राहतात. चांगला पॅथॉलॉजिस्ट गाठीकडे पाहण्याआधी काचेच्या कडेला राहिलेला निरोगी भाग शोधतो, कारण रंग नीट चढला की नाही हे त्यावरून कळते. त्या निरोगी नळीत त्याला काय दिसते? निळ्या केंद्रकांच्या रांगेत मध्येच एक तपकिरी, मग चार-पाच निळी, मग पुन्हा एखादे तपकिरी. विरळ, विखुरलेली. मग काच जरा सरकवली की गाठ येते, आणि ती संप्रेरकावर वाढणारी असेल तर तिथे नजर जाईल तिथवर तपकिरीच तपकिरी.

या विरळ तपकिरी पेशींचे कामच वेगळे आहे. १९९७ साली मँचेस्टरच्या रॉबर्ट क्लार्क आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की निरोगी स्तनात ज्या पेशींजवळ रिसेप्टर असतो त्या स्वतः जवळजवळ विभागत नाहीत. विभागतात त्या त्यांच्या शेजारच्या. पूर्वी गावात तार आली की ती वाचता येणारा एखादाच असे. तो वाचून सांगे आणि कामाला बाकीचे लागत. तसेच हे. तपकिरी पेशी संप्रेरकाचा निरोप घेते आणि आपल्याकडून दुसरी रसायने सोडून शेजारणींना वाढायला सांगते. किती वाढायचे, केव्हा थांबायचे, हा हिशेब त्या शेजारपणात सांभाळला जातो. अशा कर्करोगात हीच व्यवस्था मोडते. निरोप घेणारी पेशी स्वतःच वाढू लागते, तिच्या सगळ्या लेकीबाळी तोच रिसेप्टर घेऊन जन्मतात आणि प्रत्येकीला संप्रेरकाचा पुरवठा थेट लागू पडतो. संप्रेरक तेच, आईपण देणारे. बिघाड ते ऐकणाऱ्या पेशीत झालेला असतो. हे नीट कळले तर ‘हॉर्मोन वाईट’ अशी सरसकट भीती मनात धरायचे कारण उरत नाही.

जगभरातल्या स्तनकर्करोगांपैकी साधारण शंभरातले सत्तर या संप्रेरकावर वाढणाऱ्या जातीचे असतात. भारतात हे प्रमाण कमी आहे आणि संप्रेरकांना दाद न देणारे, विशेषतः ज्यांना डॉक्टर ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात ते, पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आहेत. आपल्याकडे हा रोग तुलनेने तरुण वयात होतो, हे त्याचे एक कारण. तरीही निम्म्याहून अधिक बायकांच्या गाठी संप्रेरकांनाच प्रतिसाद देणाऱ्या असतात. २०२२ साली देशात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे. यातले निम्मे म्हणजे किती, हे वाचकांनीच पाहावे.

वसईचा विचार केला तर गेल्या दोन पिढ्यांत इथल्या बाईच्या आयुष्यातला संप्रेरकांचा हिशेबच पालटला आहे. वाडीत राबणाऱ्या, केळी आणि भाजीच्या पाट्या लोकलने दादरला नेणाऱ्या आजीला सहा-सात मुले असायची, पहिले विशीच्या आत, आणि प्रत्येकाला दीड-दोन वर्षे अंगावर पाजायचे. तिच्या नातीला पाळी लवकर येते, लग्न तिशीच्या आसपास, मूल एक किंवा दोन, बाळंतपणाची रजा संपली की विरार लोकल आणि अंधेरीचे ऑफिस. आफ्रिकेतल्या माली देशात डोगोन समाजाचा अभ्यास झाला तेव्हा तिथल्या बाईला आयुष्यात शंभराच्या आसपास पाळ्या येतात असे दिसले. शहरी बाईला चारशेच्या आसपास येतात. प्रत्येक पाळीबरोबर स्तनातल्या पेशी विभागतात, आणि प्रत्येक विभागणीत चूक होण्याची थोडी शक्यता असते. पहिले बाळंतपण लवकर झाले तर पेशी परिपक्व होऊन स्थिरावतात. १९७० सालच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले, की अठराच्या आत पहिले मूल झालेल्या बायकांना पस्तिशीनंतर मूल झालेल्यांच्या एक तृतीयांश धोका होता. अंगावर पाजण्याने धोका कमी होतो, हेही तीस देशांतली माहिती एकत्र करून २००२ साली दाखवले गेले. पाळी गेल्यावर बीजकोश थंडावतात, पण चरबीच्या पेशी आपल्यापुरते इस्ट्रोजेन बनवतच राहतात. म्हणून उतारवयातली वाढलेली चरबी हाही संप्रेरकांचाच प्रश्न.

मुंबईत याचे उदाहरण फार पूर्वी समोर आले होते. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि पारशी बायकांत स्तनकर्करोगाचे प्रमाण इतर समाजांहून ठळकपणे जास्त दिसले. उशिरा लग्ने, थोडी मुले, पुष्कळ अविवाहित बायका. आज ती जीवनशैली सगळ्या समाजांनी कमी-अधिक उचलली आहे. उलट टोकाला सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. तिथे १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते आणि तिथे स्तनकर्करोग मुंबईपेक्षा कितीतरी कमी आढळतो.

याहून जुनी नोंद इटलीची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्नार्दिनो रामात्सिनी या डॉक्टरांनी लिहून ठेवले, की कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांना हा रोग इतरांपेक्षा जास्त होतो. १९६९ साली अमेरिकेतल्या सिस्टरांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा ते खरे निघाले. वसईत हे वाचताना थबकायला होते. इथल्या कितीतरी पिढ्यांना सिस्टरांनी शाळेत शिकवले, दवाखान्यात सांभाळले. त्यांना बाळंतपण नाही, म्हणून पाळ्या जास्त, म्हणून धोका जास्त. तपासणीचे शिबिर भरवणाऱ्यांनी कॉन्व्हेंटकडे आवर्जून जायला हवे, कारण आपल्यासाठी काही मागण्याची सवय त्या सिस्टरांना नसते.

इथेच एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. हे सगळे अभ्यास हजारो-लाखो बायकांच्या सरासऱ्या आहेत. एका विशिष्ट बाईला हा रोग का झाला, हे त्यातून सांगता येत नाही. तरी घरोघरी काय होते? रिपोर्ट आला की चार नातेवाईक जमतात आणि बोलू लागतात. लग्न उशिरा केले, एकाच मुलावर थांबली, बाळाला बाटली लावली, नोकरीच्या मागे लागली. आधीच हादरलेल्या बाईच्या डोक्यावर अपराधाचे ओझे ठेवले जाते. हे क्रूर आहे आणि शास्त्राच्या नावावर ते खपवणे तर अधिकच चुकीचे आहे. विशीच्या आत लग्न करून सहा मुले होणे हा कर्करोगावरचा उपाय कोणी शहाणा माणूस सुचवणार नाही. त्या काळात बाळंतपणात किती बायका जात, हे आपल्या आज्यांना विचारावे. मुलींनी शिकावे, कमवावे, हवे तेव्हा आई व्हावे किंवा होऊ नये. त्या बदललेल्या आयुष्याबरोबर येणारा धोका ओळखून तपासणी आणि उपचार दाराशी आणणे, ही समाजाची आणि सरकारी यंत्रणेची जबाबदारी आहे.

आणि उपचार आहे. संप्रेरकाने पोसणारी गाठ संप्रेरक तोडून सुकवता येते, हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. ग्लासगोचे जॉर्ज बीट्सन यांनी तरुणपणी दूध कसे तयार होते याचा अभ्यास केला होता. काही देशांत गायीचे दूध आटू नये म्हणून तिचे बीजकोश काढतात, हे त्यांच्या वाचनात आले होते. बीजकोश आणि स्तन यांचा काही संबंध आहे, एवढ्या धाग्यावर १८९५ साली त्यांनी रोग पसरलेल्या एका ३३ वर्षांच्या आईचे बीजकोश काढले आणि काही महिन्यांत तिच्या गाठी दिसेनाशा झाल्या. संप्रेरक या संकल्पनेचाच तेव्हा पत्ता नव्हता. १९६० च्या आसपास शिकागोत एल्वूड जेन्सन यांनी रिसेप्टर शोधला. इंग्लंडमध्ये १९६२ साली डोरा रिचर्डसन यांनी गर्भनिरोधक म्हणून एक औषध बनवले. त्या कामी ते फसले, पण मँचेस्टरच्या मेरी कोल यांनी १९७१ साली ते स्तनकर्करोग पसरलेल्या ४६ बायकांना दिले आणि दहाजणींना गुण आला. तेच टॅमॉक्सिफेन. ते रिसेप्टरवर जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. पाच वर्षे रोज घेतले तर पंधरा वर्षांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. मात्र गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असेल तरच.

परळलाही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे १९९१ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयातल्या जुन्या नोंदी घेऊन बसले आणि त्यांना दिसले, की पाळीच्या ज्या दिवसांत बाईची शस्त्रक्रिया झाली, त्यावर तिचे पुढचे आयुष्य अवलंबून असावे. बीज सुटल्यानंतरच्या दिवसांत, म्हणजे प्रोजेस्टेरॉन भरपूर असताना ऑपरेशन झालेल्या बायका जास्त जगल्या होत्या. मग त्यांनी मुंबईत एक हजार बायकांची चाचणी घेतली. निम्म्या बायकांना शस्त्रक्रियेच्या पाच ते चौदा दिवस आधी प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणाऱ्या औषधाचे एकच इंजेक्शन दिले. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाले. एकूण बायकांत निर्णायक फरक दिसला नाही. पण रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेल्या बायकांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ६७ वरून ७६ टक्क्यांपर्यंत गेले. एका गटापुरत्या दिसलेल्या फायद्यावर जगभरची पद्धत बदलत नाही, आणि बदललीही नाही. पण नवी मुंबईच्या खारघरला टाटाच्याच अॅक्ट्रेक संस्थेत डॉ. अमित दत्त यांच्या गटाने पुढे पेशींच्या पातळीवर शोध घेतला, तेव्हा प्रोजेस्टेरॉन कर्कपेशींचे सरकणे आणि पसरणे आवरते असे त्यांना आढळले. निरोगी स्तनात पेशी वाढवणारे प्रोजेस्टेरॉन आणि इथे कर्कपेशींना अडवणारे प्रोजेस्टेरॉन, दोन्ही खरे. मात्रा, वेळ आणि ती ऐकणारी पेशी यांवर सगळे ठरते. काही रुपयांच्या इंजेक्शनावर असा प्रश्न विचारायला मोठ्या औषध कंपन्या पुढे येत नसतात; तो परळच्या सरकारी रुग्णालयाने विचारला, याचा अभिमान वाटतो.

आता या साऱ्याचा वसई-विरारमध्ये राहणाऱ्या बाईला उपयोग काय? पहिला उपयोग रिपोर्ट वाचण्याचा. तुकड्याच्या रिपोर्टात ईआर आणि पीआर अशा दोन ओळी असतात. एक इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरची, दुसरी प्रोजेस्टेरॉनच्या. पुढे पॉझिटिव्ह लिहिलेले असेल तर गोळ्यांचा उपचार तिच्यासाठी आहे. शेजारी अनेकदा आठपैकी किती, असा आकडा असतो. तो काचेवरच्या तपकिरी पेशी किती आणि रंग किती गडद, याचा हिशेब. पुष्कळ घरांत फाइल मुलगा किंवा नवरा सांभाळतो आणि बाईला ‘तुला कशाला ते’ म्हणून गप्प केले जाते. या दोन ओळी तिच्या शरीराबद्दल आहेत. त्या तिने डॉक्टरांना विचाराव्यात आणि डॉक्टरांनी तिला मराठीत समजावून सांगाव्यात.

दुसरा उपयोग गोळी न सोडण्याचा. ऑपरेशन झाले, केमो झाली, शेक झाला, की घरच्यांना वाटते आजार संपला. मग उरते एक छोटी गोळी, रोज, पाच वर्षे, कधी दहा वर्षे. पाळी गेलेल्या बायकांना टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल देतात. ही औषधे चरबीतले इस्ट्रोजेन बनणेच थांबवतात. गोळीने अंगातून वाफा येतात, सांधे धरतात, झोप मोडते. काही दुखत नसताना त्रास देणारी गोळी कोण घेत राहील? म्हणून ती हळूच बंद होते, आणि घरच्यांनाही ते बऱ्याच दिवसांनी कळते. त्रासावर उपाय असतात, गोळी बदलताही येते. पण ते डॉक्टरांना विचारून. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्त दिसले, किंवा एक पाय सुजून दुखू लागला, तर लगेच दाखवायचे. गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. एवढे तिला आणि घरच्यांना पाठ असले पाहिजे.

तिसरी गोष्ट महापालिकेने करायची आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांबरोबर एक मोठी चाचणी सुरू केली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासून घेतले. मॅमोग्राफीचे यंत्र नाही, मोठा खर्च नाही. वीस वर्षांनंतरचा निकाल २०२१ साली आला. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला. सगळ्या वयांत मिळून मृत्यूंतली घट निश्चित म्हणण्याइतकी नव्हती, पण पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. २००९ साली स्थापन झालेल्या आपल्या महापालिकेत आरोग्य केंद्रे आहेत, आशा सेविका आहेत. नालासोपारा पूर्वेच्या चाळींत आणि अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात अशी तपासणी नियमाने, वर्षभर होऊ शकते. जव्हार-मोखाड्यापर्यंत हेच काम जिल्हा परिषदेने नेले पाहिजे.

आणि गोळ्या. टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल ही दोन्ही स्वस्त, जुनी, पेटंट संपलेली औषधे आहेत. ती घेण्यासाठी पाच वर्षे कुणाला विरारहून गर्दीच्या लोकलने प्रभादेवीला उतरून, पूल चढून परळ गाठावे लागू नये. तपासणीसाठी तिकडे जावेच लागेल. महिन्याची गोळी मात्र वस्तीतल्या आरोग्य केंद्रात, टाटाची चिठ्ठी दाखवून, फुकट मिळावी. तिथल्या परिचारिकेने वहीत नोंद ठेवावी आणि महिना उलटूनही कोणी आली नाही तर फोन करावा. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात या दोन गोळ्यांसाठी आणि तपासणी करणाऱ्या बायकांच्या मानधनासाठी स्वतंत्र तरतूद मागायला हवी. महिला मंडळांनी, पॅरिशमधल्या संघटनांनी, गृहनिर्माण सोसायट्यांनी ही मागणी आयुक्तांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.